आई या नावाच्या दोन नोंदी

हेमांगीताई दिघे मनाने वाईट नव्हत्या. पेणमध्ये कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, आणि वर हेही बजावलं असतं की त्यांच्यापुढे त्यांच्या विहीणबाईंचं नाव तेवढं काढू नका. विहीणबाई म्हणजे बडोद्याच्या माधुरीताई सबनीस, हेमांगीताईंच्या एकुलत्या एक लेकीच्या, शाल्मलीच्या, सासूबाई. त्यांनी हेमांगीताईंचं काही वाकडं केलं होतं म्हणाल, तर काही नाही. लग्नात मानपानावरून रुसल्या नाहीत, नंतर सुनेला कधी टाकून बोलल्या नाहीत, आणि दर दिवाळीला पेणच्या पत्त्यावर बडोद्याचा हिरवा चिवडा न चुकता पाठवत आल्या. तो चिवडा उत्तम असायचा आणि खरं दुखणं तिथेच होतं. वाईट विहिणीशी निदान भांडता येतं. चांगल्या विहिणीचं करायचं काय?

त्यात शाल्मलीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे हेमांगीताई इतकं गृहीत धरून चालल्या होत्या की त्यांनी लेकीला तसं विचारलंही नव्हतं. पण मध्येच एकदा शाल्मली बोलता बोलता म्हणाली की आई बडोद्याला ये म्हणतायत, हॉस्पिटल घरापासून पाच मिनिटांवर आहे. सासूबाईंनाही ती आईच म्हणायची. सगळ्याच सुना म्हणतात. हेमांगीताई "बरं" म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या पुण्याला लेकीकडे गेल्या. शाल्मलीचं बीपी वाढलेलं होतं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. जावई ओजस सकाळी कामावर जायचा. टेबलावर नवा संगणक तसाच खोक्यात होता आणि जुना दर अर्ध्या तासाने मान टाकत होता. हेमांगीताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली, यंत्रांशी त्यांची दोस्ती. मेल आणि सगळे संपर्क जुन्यावरून नव्यावर न्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. शाल्मलीने पासवर्ड सांगितला, "तूच कर गं आई, मला कंटाळा आलाय," म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता हे 'नेणं' म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. पूर्वी संपर्क म्हणजे एक नाव, एक नंबर, एक पत्ता. एका यंत्रातून उचलायचं, दुसऱ्यात टाकायचं. पण पुढे एकेका माणसाचे चार-चार पत्ते झाले, जुने बंद पडले, नावं तीन तऱ्हांनी लिहिली गेली, आणि नव्या संगणकात गेलं की एकाच मामाचे सात मामा होऊ लागले. म्हणून मग संगणकातली पाठराखीण आली. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. हिचं काम तसंच, म्हणून कोणा मराठी मुलीने हे नाव दिलं आणि ते रुळलं. ही पाठराखीण नावं जुळवत बसत नसे. ती प्रत्येक मेलचं आकड्यांच्या एका लांबलचक ओळीत रूपांतर करी, अशा बेताने की सारख्या अर्थाचे, सारख्या सुराचे मेल एकमेकांच्या जवळ पडावेत. एका माणसाला लिहिलेल्या सगळ्या मेलचा असा एक पुंजका होई. दोन पुंजके एकमेकांत मिसळलेले दिसले की ती समजे, माणूस एकच आहे, पत्ते दोन आहेत. बहुतेक वेळा ती बरोबर असायची.

आणि ती नुसती ओझं वाहून थांबत नसे. त्या सुमारास मेल कोणी हाताने लिहीत नव्हतं. आपण एक वाक्य बोलायचं, आपल्या जुन्या पत्रव्यवहारातून आपला सूर शिकलेलं यंत्र बाकीचा मेल सजवायचं, आपण नजर टाकून, हवं तिथे खोडून-बदलून हो म्हणायचं. कोणाशी कोणत्या सुरात बोलायचं, हे यंत्राला त्या पुंजक्यावरूनच कळे. म्हणजे पाठराखीण जे उचलून नेत होती ते नुसते पत्ते नव्हते. माणसाची नातीच ती नेत होती.

काम सुरळीत चाललं होतं. ऑफिसची माणसं गेली, मैत्रिणी गेल्या, डॉक्टर, वाणी, योगासनांच्या बाई गेल्या. मग पडद्यावर प्रश्न आला. 'आई' या नावाच्या दोन नोंदी सापडल्या आहेत. या एकाच व्यक्तीच्या आहेत का?

यंत्राचा तरी काय दोष? ज्या भाषांवर ते मोठं झालं तिथे माणसाला आई एकच असते. सासूला तिथे नावाने हाक मारतात. इथे दोन्ही नोंदींचं नाव आई, दोन्हींमध्ये विषय तेच, जेवलीस का, गोळी घेतलीस का, जपून राहा. पुंजके एकमेकांत गेलेलेच होते.

प्रश्नाखाली दोन पट्ट्या होत्या आणि त्यांच्यापुढे 'ओढ' असा शब्द. कोणाला लिहायला माणूस किती वेळ देतो, किती वेळा खोडून पुन्हा लिहितो, पाठवण्याआधी किती वेळा वाचतो, यावरून यंत्र ही पट्टी काढायचं. एका पट्टीखाली पेणचा पत्ता होता. दुसरीखाली बडोद्याचा. बडोद्याची पट्टी पेणच्या दुप्पट लांब होती.

हेमांगीताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. वाढवलं कोणी? गोवरात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलं कोणी? आणि खोडून खोडून, जपून जपून लिहायचं कोणाला, तर त्या चिवडेवालीला!

उत्तराला दोन बटणं होती, 'एकच' आणि 'वेगवेगळ्या'. खाली बारीक अक्षरांत इशाराही होता की 'एकच' म्हटल्यास यापुढचे नवे मेल दोन्ही पत्त्यांवर जातील आणि उत्तरं फक्त लांब पट्टीच्या पत्त्यावर. हेमांगीताईंनी तो नीट वाचला. चुकून बोट लागलं असं पुढे त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, पण टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईचं बोट चुकून लागत नाही. विहिणीला लेक काय लिहिते ते त्यांना बघायचं होतं, आणि ती लांब पट्टी त्यांना डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी 'एकच' दाबलं. दोन्ही पट्ट्या सरकून एक झाल्या आणि पाठराखीण पुढच्या नावाकडे वळली.

पेणला परतल्यावर चार दिवस हेमांगीताईंची चैन झाली. रोज सकाळी लेकीचा लांबलचक मेल. पूर्वी यायचा तो काय, तर 'बीपी बरंय', 'खाल्लं', 'नंतर बोलते'. आता बीपीचा आकडा, सोनोग्राफीत बाळ कसं जांभई देत होतं त्याचं वर्णन, ओजसने केलेल्या जळक्या पोळ्यांची गंमत. हेमांगीताईंनी शेजारणींना वाचून दाखवलं. माझी लेक बघा किती लिहिते, असं मोठ्यांदा म्हणून घेतलं.

पाचव्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की त्यांच्या गुडघ्यांची चौकशी होते आहे. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. गुडघे दुखायचे ते माधुरीताईंचे. मग त्यांनी मागचे मेल पुन्हा उघडले आणि जे आनंदाच्या भरात नजरेतून सुटलं होतं ते एकेक डोळ्यांत घुसायला लागलं. 'अहो आई, तुम्ही काळजी करू नका.' 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे दूध वेळेवर घेते आहे.' 'तुमच्या परसातल्या अळूची आठवण झाली.' परस पेणचंच होतं, अळूही पेणचंच. म्हणजे हा मेल बडोद्याचा चुकून इकडे आलेला नव्हता. हा त्यांनाच लिहिलेला होता, आणि त्यांची लेक त्यांना अहो-जाहो करत होती.

यंत्राने केलं होतं ते त्याच्या परीने योग्यच. माणूस एक, तर सूर एक. लहान तुटक मेल आणि मोठे व्यवस्थित मेल समोर ठेवून त्याने मोठ्यांचा सूर उचलला होता. हेमांगीताईंना हे कळत होतं. कळत असूनही 'तुम्ही' वाचलं की त्यांना कोणी दारातूनच परत पाठवल्यासारखं वाटायचं.

त्यातून फोन कमी झाले. आधी शाल्मली दिवसाआड तरी फोन करायची, मग त्या दोघी कशावरून तरी वाद घालायच्या, ती "ठेवते गं" म्हणून ठेवून द्यायची. आता फोनच येईना. हेमांगीताईंनी विचार केला तेव्हा त्याचंही कारण त्यांना दिसलं. आईशी बोलायचं राहिलं की यंत्र शाल्मलीला आठवण करून द्यायचं. आता बडोद्याशी बोलणं झालं की 'आईशी बोलणं झालं' अशी त्याची समजूत व्हायची. एका आईच्या वाट्याचं प्रेम दोघींत वाटलं जात होतं, आणि ही वाटणी हेमांगीताईंनी स्वतःच्या बोटाने केली होती.

लेकीला सांगून टाकायचं त्यांनी रोज ठरवलं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? तुझ्या सासूचे मेल वाचायला मिळावेत म्हणून हे केलं, असं?

आणि मग तो मेल आला. 'अहो आई, पुष्कळ विचार करून ठरवलं आहे. बाळंतपणाला मी तुमच्याकडेच येणार आहे. डॉक्टरांचीही हरकत नाही. तुम्हाला त्रास होईल याची मला जाणीव आहे.'

हेमांगीताई तिथल्या तिथे खुर्चीत बसल्या आणि रडल्या. त्याच दुपारी डिंक, खारीक, अळीव घरात आले. मागची हवेशीर खोली रिकामी झाली. तेल लावणाऱ्या बाईंना सांगून झालं, पेणच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन झाली. उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं, ये, वाट बघते. जुन्या मऊ साडीची दुपटी शिवताना मात्र शेवटचं वाक्य त्यांच्या मनात टोचत राहिलं. तुम्हाला त्रास होईल याची जाणीव आहे. स्वतःच्या आईला असं कोण लिहितं? यंत्र लिहितं, असं त्यांनी मनाला समजावलं आणि टाके घालत राहिल्या.

दोन दिवसांनी माधुरीताईंचा फोन आला. आवाज आनंदाने फुललेला, पण त्यात संकोच. त्यांनाही तोच मेल गेला होता. शाल्मली बाळंतपणाला बडोद्याला येते आहे असंच त्या धरून चालल्या होत्या, आणि त्याबद्दल माफी मागायला त्यांनी फोन केला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, हेमांगीताईंचा हक्क होता, आपण तो हिरावून घेतोय असं वाटून दोन रात्री झोप नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. हेमांगीताईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

"एक सांगू का हेमांगीताई? हसाल मला," माधुरीताई पुढे म्हणाल्या. "ती इथे आली की तुमच्याशी फोनवर बोलताना मला ऐकू यायचं. अगं आई, गप गं, तुला काही कळत नाही. आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून जळायचे. माझ्यावर ती कधी चिडलीच नाही हो. मी काही म्हटलं की हो आई, चालेल आई. पाहुण्याशी बोलावं तसं."

हेमांगीताईंनी सुई दुपट्यात खोचून ठेवली.

"आणि गेल्या आठवड्यात तिचा मेल आला. अगं आई, किती मागे लागतेस तू, खाल्लंय मी, नंतर बोलते. मला तू म्हणाली ती. मी यांना वाचून दाखवला. तेव्हाच मला वाटलं, आता ही माझ्याकडे येणार."

तो मेल हेमांगीताईंना ओळखू आला. अळिवाची खीर खाल्लीस का, असं त्यांनी लेकीला एका दिवसात तीनदा मेल करून विचारलं होतं. लेकीने चिडून, यंत्राला सजवू न देता, पाठवलेलं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. उत्तरं लांब पट्टीच्या पत्त्यावर जातात, तसं ते बडोद्याला पोचलं होतं.

तो माझा आहे, हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले. तुम्हाला नाही लिहिलेलं ते, मला लिहिलंय, यंत्र चुकलंय, द्या माझं मला परत. त्यांना माधुरीताईंचा इतका हेवा वाटला की त्यापुढे पट्टीच्या दिवशीचा हेवा काहीच नव्हता. पण एवढी आनंदलेली बाई फोनच्या पलीकडे असताना ते तोंडातून निघालं नाही. त्या कशीबशी दोन गोड वाक्यं बोलल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांना त्या पट्टीचा उलगडा झाला. यंत्राने खाडाखोड मोजली होती आणि तिला ओढ म्हटलं होतं. परक्या माणसाशी बोलताना आपण शब्द निवडतो, खोडतो, पुन्हा लिहितो. पेणला लिहिताना शाल्मलीला एकही शब्द निवडावा लागत नव्हता, म्हणून पेणची पट्टी आखूड. त्या आखूड पट्टीवर रागावून त्यांनी ती स्वतःच मोडून टाकली होती.

त्यांनी लेकीला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बटण, इशारा वाचल्याचं, मेल वाचल्याचं.

मग शाल्मलीने जे तोंड सोडलं त्याला तोड नव्हती. "तू वेडी आहेस का गं आई? माझे मेल वाचतेस? त्यांना लिहिलेले? तुला लाज नाही वाटली?" असं बरंच काही, श्वास न घेता. हेमांगीताई ऐकत होत्या. प्रत्येक वाक्य लागत होतं, आणि प्रत्येक वाक्यात तू होतं. बीपी वाढेल गं, जरा सावकाश, असं त्यांनी मध्येच म्हटलं, त्यावर आणखी दोन वाक्यं खाल्ली.

ती थोडी शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, तो बाळंतपणाचा मेल नक्की कोणाला होता?

"आईंना," शाल्मली म्हणाली. "मी यंत्राला म्हटलं, आईकडे जायचं ठरलंय, आईला कळव. त्यांना हो कळवायचं होतं आणि तुला मी फोन करून सांगणार होते. पण ते रोज म्हणायचं, आईला कळवलंय. मला वाटलं, बडोद्याचं तुलाही पोचलं. तुझं उत्तर काय, तर ये, वाट बघते. मला वाटलं, बडोद्याहून बाळाला घेऊन ये म्हणतेस. तू एका शब्दाने भांडली नाहीस गं. मला किती वाईट वाटलं माहितीये?"

"मग आता भांडते," हेमांगीताई म्हणाल्या. "ये ना इकडे. सगळी तयारी झालीये."

"तुला 'नाही' म्हणता येतं गं मला," शाल्मली म्हणाली. "त्यांना नाही म्हणायचं तर मला आठवडाभर वाक्यं जुळवत बसावं लागेल. त्यांनी पाळणासुद्धा आणून ठेवलाय. तू रागावशील, दोन दिवस बोलणार नाहीस आणि तिसऱ्या दिवशी लाडू घेऊन येशील. मला माहितीये."

लेकीला हेमांगीताई इतक्या जवळच्या होत्या की त्यांना नाकारणं सोपं होतं. हा असला मान त्यांना नको होता, पण तो त्यांचाच होता. शाल्मलीने बोलता बोलताच दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. फोन ठेवण्याआधी तिने एक गोष्ट मागितली. आईंना आलेला तो अगं आईचा मेल यंत्राच्या चुकीने गेला, हे त्यांना कळू द्यायचं नाही. त्यांचा आनंद त्यांच्याकडे राहू दे.

"तो माझा होता," हेमांगीताई एवढंच म्हणाल्या. पण मान्य केलं.

दोन दिवस त्या खरंच बोलल्या नाहीत. नववा महिना लागताच डिंकाचे लाडू आणि दुपट्यांचं गाठोडं घेऊन त्या बडोद्याला गेल्या. विहिणीच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणजे त्यांना अंगावर काटा यायचा, पण माधुरीताईंनी त्यांना पाहुणी करून ठेवलं नाही. दोघी मिळून भाजी निवडायच्या, दोघी मिळून शाल्मलीच्या मागे लागायच्या. नाश्त्याला हिरवा चिवडा असायचा आणि हेमांगीताई तो मुकाट्याने दोनदा घ्यायच्या. शाल्मली बाकी एकीला अहो म्हणायची आणि दुसरीला अगं. अहो ऐकलं की माधुरीताई क्षणभर थांबायच्या, त्या मेलनंतर काय बिनसलं असेल याचा विचार करत असाव्यात. हेमांगीताई ते बघायच्या आणि भांडी लावायला घ्यायच्या. त्यांना वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं, ते लपवून काय उपयोग?

कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी. शाल्मलीला आत नेलं. ओजस कागदांवर सह्या करायला खाली धावला, आणि बाहेरच्या बाकावर या दोघी उरल्या, मध्ये एक पाण्याची बाटली. माधुरीताईंचे ओठ हलत होते, त्या कोणता तरी जप करत होत्या. हेमांगीताईंना जप सुचत नव्हता. त्या दाराकडे बघत होत्या.

बऱ्याच वेळाने आतून शाल्मलीचा आवाज आला, दुखण्याने फाटलेला, दारापार ऐकू येणारा. "अगं आई, कुठे आहेस तू?"

दोघीही उठल्या. माधुरीताई आधी उठल्या, गुडघे दुखत असूनही. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता आणि डोळे भरले होते. त्यांच्याकडे एक मेल होता, ज्यात शाल्मलीने त्यांना अगं म्हटलं होतं, आणि हाक आपल्याला आहे असं समजायला त्यांना तेवढा पुरेसा होता. दार उघडलं. नर्सने दोघींकडे पाहिलं आणि गुजराती वळणाच्या मराठीत सांगितलं की आत एकीलाच सोडता येईल, आई कोण आहे?

हेमांगीताईंनी माधुरीताईंचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाही कळलं नसतं. मेलमधलं ते अगं हेमांगीताईंनी मुकाट्याने सोडून दिलं होतं.

"मी," हेमांगीताई म्हणाल्या आणि मागे वळून न बघता आत गेल्या.